रेघेखालचे तीन ठिपके

आडवी रेघ आणि तिच्याखाली तीन ठिपके. चुन्याच्या भिंतीत खिळ्याने कोरलेली, माझ्या कमरेच्या वीतभर वर. मी ती पाहिली आणि पुढे गेलो. चार पावलांवर पाय आपोआप थांबले, डोकं त्यांच्या मागून जरा उशिराने थांबलं. पुढे संजना बोलत होती. दर रविवारी ती लोकांना जुन्या जागा दाखवायला नेते. आज पणजी-म्हापशाची बारा-तेरा माणसं होती, डोक्यावर टोप्या, हातात पाण्याच्या बाटल्या. हा बायकांचा वॉर्ड, ती सांगत होती. पोर्तुगीज सरकारने हे इस्पितळ डिचोलीपासून इतक्या लांब, टेकडीवर बांधलं, कारण हा रोग कोणालाच डोळ्यांसमोर नको होता. महारोग हा शब्द ती वापरत नव्हती. कुष्ठरोग म्हणत होती, जोडाक्षर नीट उच्चारून, चौथीत मी तिला शिकवलं होतं तसं. मोप्याच्या बाजूची ही मुलगी माझ्या शेवटच्या काही तुकड्यांपैकी. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, सर, घरात बसून काय करता, चला माझ्याबरोबर. पर्वरीला मुलाच्या फ्लॅटमध्ये मी खरंच बसूनच असतो, म्हणून आलो. शिवाय ही टेकडी मला नवी नव्हती. एकोणऐंशी साली मी पायथ्याच्या शाळेत मास्तर होतो आणि एकदा इथल्या फाटकापर्यंत आलो होतो. तासाभरापूर्वी त्याच फाटकात उभं राहून, संजनाने आग्रह केला म्हणून, मी सगळ्यांना ती हकिकत सांगितली होती: इस्पितळातल्या बायकांनी शाळेच्या मुलांसाठी दसऱ्याच्या आधी कापडी दप्तरं शिवून पाठवली, पालक म्हणाले जाळून टाका, पण मी जाळली नाहीत, स्वतः उचलून वर आणली आणि हात जोडून परत केली. एका बाईंनी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? मी म्हटलं, वाटली, पण जाळणं बरं दिसत नव्हतं. त्यांनी मान हलवली. दोघातिघांनी फाटकाच्या खांबाचा फोटोही काढला.

मी परत फिरलो. त्या रेघेच्या वर आणखी एक रेघ होती, तिच्याखाली तीन ठिपके. तिच्या वर आणखी एक. वॉर्डच्या छतातून पिंपळाचं मूळ उतरून खिडकीच्या गजांत शिरलं होतं, गजांवर खाणीची तांबडी धूळ चिकटलेली होती, चुना पोपडे धरून खाली पडला होता. पण दोन लोखंडी खाटांच्या मधली ही हातभर भिंत कशी कोण जाणे शाबूत राहिली होती. मी बोटाने रेघा मोजल्या. तेरा. खालच्या रेघांमधलं अंतर मोठं, वर जावं तसं कमी होत गेलेलं. शेवटची रेघ माझ्या डोक्याच्याही वर, खाटेवर चढल्याशिवाय कोणाला ओढता येणार नाही इतक्या उंचीवर. वरच्या चार रेघांवर उभी काट मारली होती. आणि नववी नि दहावी यांच्यामध्ये एक वेगळीच रेघ, बाकीच्यांपेक्षा खोल आणि वाकडी, पुन्हा पुन्हा गिरवलेली. मुलांच्या उंचीच्या रेघा मला कोणी समजावून द्यायला नकोत. सदतीस वर्षं दर जूनमध्ये मी मुलांना वर्गाच्या दाराशी उभं केलं. टाचा टेकव, मान सरळ, श्वास धरू नको. पोरं टाचा उचलायची. सगळीच उचलतात. मी रागवायचो नाही, खांद्यांवर हात ठेवून त्यांना हळूच खाली आणायचो. पण त्या रेघांखाली मी ठिपके कधी दिले नाहीत. रेघेखाली ठिपके देणारं एकच माणूस मला माहीत होतं, माझी आई. आणि ती मी पाच वर्षांचा असताना वारली, असं मला सांगितलेलं होतं.

आमचं घर पेडण्याच्या अलीकडे, आता ते नाही. माजघराच्या दाराची चौकट फणसाच्या लाकडाची होती. माझ्या जन्मतिथीला, माघातल्या सप्तमीला, आई मला तिच्याशी उभं करायची आणि डोक्यावर पोळपाट आडवा धरून खिळ्याने रेघ मारायची. मग खाली तीन ठिपके. तिच्या माहेरी, सावंतवाडीच्या बाजूला, खळ्यातल्या भाताच्या राशीवर चुन्याची अशीच खूण करत, कोणी हात लावला तर कळावं म्हणून. राशीची खूण पोराला कशाला, असं आत्या हसायची. आई म्हणायची, ही पण रासच. मला त्यातलं कळत नव्हतं. मला टाचा उचलायच्या असायच्या, आणि तिला ते न बघता कळायचं. "टाचो टेक रे," एवढंच ती म्हणायची, तोंडात खिळा धरून. चौकटीवर माझ्या चार रेघा झाल्या. पुढे वडिलांनी चौकटीला हिरवा तेलरंग दिला, रेघा बुजल्या, ठिपके मात्र बोटाला लागायचे. आजारी पडलो, शाळेत मार खाल्ला, की मी दारात बसून त्या ठिपक्यांत बोट घालत असे. तिचा चेहरा मला आठवत नाही. आठवतो तो उजव्या कोपरावरचा डाग, भाकरीच्या पापुद्र्याच्या रंगाचा, आणि एक खेळ. त्या डागाला चिमटा काढला तर तिला लागायचं नाही. मी कितीही जोरात काढला तरी ती तांदूळ निवडत राहायची. मला याचं फार नवल वाटायचं. इतकं की मी ते कमलाक्षी आत्याला दाखवलं. आत्या बघ, आईला लागतच नाही. आत्याने एकदा बघितलं, मग आईचा पदर तिथून बाजूला करून पुन्हा बघितलं, आणि ती विहिरीवर हात धुवायला गेली. त्या वर्षी आत्याचं लग्न ठरत होतं. अडुसष्ट वर्षं मी हा खेळ माझ्या आईची एकुलती एक मजेदार आठवण म्हणून जपून ठेवला होता. नातवंडांना सांगितला होता. या वॉर्डात, दोन खाटांच्या मध्ये उभा असताना, मला पहिल्यांदा तो नीट दिसला.

संजनाचा आवाज वॉर्डच्या टोकाला पोहोचला होता. खिडक्या किती, खाटा किती, जेवण कुठून यायचं. मी भिंतीला हात लावला. भिंत गार होती. मला वाटलं, आधी तपासून बघावं. मी मुलांनाही हेच सांगायचो, उत्तर सापडलं की लगेच ओरडू नका, उलटं करून बघा. मग मी उलटं करू लागलो. ठिपके काय, कोणीही देईल. तिच्या माहेरच्या गावची दुसरी एखादी बाई इथे असेल. तीही पोराला मागे ठेवून आली असेल. आणि आईबद्दल मला सगळं व्यवस्थित सांगितलेलं होतं. ती बाळंत व्हायला माहेरी गेली आणि तापाने गेली. तेव्हा सरहद्द बंद होती, भारत त्या बाजूला आणि पोर्तुगीज या बाजूला, जिवंत माणसाला परवाना मुश्किलीने मिळे, तिथे प्रेत कोण आणू देणार. म्हणून आमच्या भटजींनी पळसाच्या पानांची माणसाएवढी आकृती केली, पोफळींच्या कुळागराखाली ओढ्याकाठी ती ठेवली, आणि माझ्या हातात पेटता काटका दिला. प्रेत मिळालं नाही की असं करतात. पानं ओली होती, धूर फार झाला, मी खोकलो. वडील माझ्या मागे उभे होते. ते रडले नाहीत आणि सगळ्यांनी त्यांच्या धीराचं कौतुक केलं. दीड महिन्यात आत्याचं लग्न झालं. सरहद्द उघडली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. मामा कधी आले नाहीत, आम्हीही गेलो नाही, आणि मी कारण विचारलं नाही. मुलांना प्रश्न विचारायला शिकवण्यात आयुष्य गेलं, पण हा एक मी विचारला नाही. का, ते आता सांगता येणार नाही. कदाचित घरातले लोक उत्तर इतक्या सहज देत की प्रश्नाला जागाच उरत नव्हती.

भाद्रपदात, पितृपक्षातल्या नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचं श्राद्ध असतं. दर वर्षी आम्ही ते घातलं. सवाष्ण जेवायला, तिला खण, केळीच्या पानावर वडे, खीर, आणि परसात फणसाखाली पिंड. कावळे आमच्याकडे भरपूर. शेजाऱ्यांच्या पिंडाला पान ठेवता ठेवता शिवत. आमच्या पिंडाजवळ येत, कौलांवर बसत, मान वाकडी करून बघत आणि उडून जात. एक वर्ष, दोन वर्षं, दहा वर्षं. तिची काही इच्छा राहिली असेल, आत्या म्हणायची, माहेरपणाला आलेली असली की. मग कोणीतरी पिंडासमोर हात जोडून सांगायचं, येसूला, म्हणजे मला, सांभाळू, त्याला शिकवू, त्याचं लग्न करू. कावळा ऐकायचा नाही. शेवटी वडील म्हणत, पुरे, दर्भाचा करा. भटजी दर्भाचा कावळा करून शिववत आणि आम्ही जेवायला बसत असू. मोठा झाल्यावर मी यावर हसायचो. वर्गात सांगायचो, कावळ्याला पंचांग कळत नाही, त्याला वडे कळतात. त्याला भीती वाटली तर तो येत नाही. आणि एका वर्षी, पंच्याऐंशी साली, पान ठेवून हात मागे घेतो न घेतो तोच कावळा आला आणि पिंड घेऊन गेला. आत्याने टाळी वाजवली. वडील पाटावर बसले होते. ते उठले, चूळ भरली, काळी टोपी घातली आणि न जेवता बाहेर निघून गेले. मला वाटलं होतं, आनंदाने.

सगळे वॉर्डच्या टोकाला पायऱ्यांवर जमले होते, कारण तिथे भिकाजी बसला होता. दोडामार्गकडचा हा माणूस साठ सालच्या सुमाराला फाटकावर नोकरीला लागला आणि इस्पितळ बंद होईपर्यंत राहिला. आता पायथ्याशी मुलीकडे असतो, संजना त्याला रिक्षाने वर आणते. पंच्याऐंशीच्या पुढचा असेल. त्याला माणसं जमवून बोलायची सवय झाली होती, कुठे थांबलं की लोक हसतात हे त्याला पाठ होतं. पोर्तुगीज डॉक्टरने दिलेली टोपी, गोळ्या थुंकणारी म्हातारी, दर बुधवारी येणारा पाववाला. पंच्याहत्तर सालानंतर बहुतेक जणी बऱ्या झाल्या होत्या, असं त्याने सांगितलं, सरकारी कागद हातात होता की आता हिच्यापासून कोणाला काही होणार नाही. पण घेऊन जायला कोण येणार. घरी तर त्यांची तेरावी जेवून झालेली. इथे तो थांबला आणि एकदोघं हसलेही. मग संजनाने विचारलं, "भिकाजीमामा, ती रेघांची गोष्ट सांगा ना." म्हणजे दर खेपेला सांगायच्या गोष्टींत तीही होती. मी खांबाला टेकून उभा राहिलो. पळून जाता आलं असतं. बस साखळीपर्यंत मिळाली असती. मला नक्की आठवतंय, मी बसचा विचार केला.

ती पेडण्याकडची, भिकाजी म्हणाला. नाव कागदावर काहीतरी वेगळंच होतं, आल्यावर सगळ्याच नाव बदलत, घरच्यांना बट्टा नको म्हणून. सगळे तिला पेडण्याची बाय म्हणत. तिला झील होता, मुलगा. दर वर्षी माघात एका दिवशी ती भिंतीकडे उभी राहायची, अंदाज करायची, आणि रेघ मारायची. एवढा झाला असेल, असं म्हणायची. दुसऱ्या बाया चेष्टा करायच्या, पेडण्याचा झील वाढून वाढून कौलं फोडणार. तिचा भाऊ ताडमाड होता म्हणे, त्याच्यावरून ती अंदाज बांधायची. "हातात बोटां नाय व्हती तिच्या," भिकाजी म्हणाला, "खिळो मनगटाक बांदून रेग वडी." अठरा वर्षांचा झाला असेल तेव्हा तिने मोजणं सोडलं. बापयांची, पुरुषांची, उंची इथे थांबते, म्हणाली. मग कितीतरी वर्षांनी, भिंत तशीच होती, एका संध्याकाळी तिने भिकाजीकडे सुतळी मागितली. त्याला वाटलं, कपडे वाळत घालायला. तर ती खाली फाटकाकडे गेली. रोग्यांनी फाटकाजवळ जायचं नाही असा नियम होता, दहा पावलांवर चुन्याची रेघ असायची, पण संध्याकाळी कोण बघतंय. फाटकाच्या डाव्या खांबाला तिने जमिनीपासून सुतळी लावली, एका जागी गाठ मारून घेतली, आणि ती गाठ घेऊन वॉर्डात आली. वरच्या चार रेघांवर काट मारली. गाठीच्या ठिकाणी नवी रेघ. रात्र होईपर्यंत गिरवत बसली होती.

"मी इचारलंय तिका," भिकाजी म्हणाला, "बाये, झील ल्हान झालो काय गो?"

इथे लोक हसले. तो त्यांचं हसू संपेपर्यंत थांबला.

"हसली. म्हणाली, मिया बघलंय त्येका."

कुठे बघितलंस, कधी बघितलंस, ते तिने सांगितलं नाही. भिकाजीला वाटलं, देवाने स्वप्नात दाखवला असेल. त्याची गोष्ट संपली होती. लोक पायऱ्या उतरू लागले, कोणीतरी त्याच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला. संजना जागची हलली नव्हती. तिने एकदा खाली फाटकाच्या दिशेने बघितलं आणि मग माझ्याकडे, आणि वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुलीसारखी ती मान खाली घालून वहीच्या तारेशी खेळू लागली. मी भिकाजीच्या समोर जाऊन बसलो. ती कधी गेली, मी विचारलं. माझा आवाज मला परीक्षेच्या देखरेखीवर असल्यासारखा, अगदी शांत ऐकू आला. चौऱ्याऐंशीत, तो म्हणाला, कार्तिकात. घरी तार केली होती. घरून कोणी आलं? "एक बापयो इल्लो. फाटकाभायर रवलो. आत ये म्हटलंय, नाय म्हणालो. धूर दिसलो तेवा टोपी काडल्यान, नि गेलो." काळी टोपी, मी म्हटलं. भिकाजीने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. होय, काळी, तो म्हणाला. तुम्ही खंयचे? मी म्हटलं, पर्वरीचा.

माणूस खोटं किती चटकन बोलतो. त्या दिवशी फाटकात मी खरं बोललो होतो. एकोणऐंशीचा भाद्रपद. श्राद्धासाठी दोन दिवस रजा घेऊन गावी गेलो होतो, परत आलो तर शाळेच्या व्हरांड्यात पालक उभे आणि मध्ये गाठोडं, ज्याला कोणी हात लावत नव्हतं. सत्तावीस मुलांची सत्तावीस दप्तरं, जुन्या चादरींची, प्रत्येकाला लाल काठ. आणि एक मोठं, लांब पट्ट्याचं, मास्तरांसाठी. टाके इतके मोठे आणि वाकडे की बघून कसंतरी व्हावं. मी पालकांना समजावलं, पुस्तक काढून वाचून दाखवलं, कपड्याने हा रोग होत नाही. ते ऐकून घेत होते आणि मागे सरकत होते. मग मी तो मधला मार्ग काढला, ज्याचा मला इतकी वर्षं अभिमान होता. गाठोडं काठीला अडकवून, अंगापासून लांब धरून, मी टेकडी चढलो. ऊन कडक होतं. फाटकाच्या आत, चुन्याच्या रेघेपलीकडे, पाच-सहा बायका उभ्या होत्या, तोंडावर पदर. मी नमस्कार केला, म्हटलं, तुमच्या भावना पोचल्या, पण मुलांचे पालक अडाणी आहेत, मला क्षमा करा. मराठी फार शुद्ध बोललो. त्यांतली एक, ठेंगणी, दोन्ही हात पदराखाली गुंडाळलेली, म्हणाली, "मास्तरानू, थंय खांबाकडे सावळेत रवा. ऊन लागता." मी डाव्या खांबाच्या सावलीत जाऊन उभा राहिलो. ती बोलत राहिली. मला वाटलं, बिचारीला कोणाशी बोलायला मिळत नसेल. गाव खंयचो? मी सांगितलं. कोणाचे? मी वडिलांचं नाव सांगितलं. त्यावर ती माझ्या डोक्यामागे खांबाकडे बघत राहिली. मी खांबाला पाठ टेकवून घाम पुसत होतो.

"आवय आसा?" तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही, लहानपणीच वारली. परवाच श्राद्ध घालून आलो. एकवीस वर्षं झाली.

"कावळो शिवता?"

हा प्रश्न मला विचित्र वाटला होता, म्हणूनच तो लक्षात राहिला, नाहीतर तोही गेला असता. मला शिकलेल्या माणसासारखं काही उत्तर द्यायचं होतं, पंचांगाचं, वड्यांचं. पण त्या उन्हात माझ्या तोंडून खरं तेच आलं. नाही, मी म्हटलं, दर्भाचा करावा लागतो.

ती हसली. पदराआडून हसू फुटलं तिला, खांदे हलेपर्यंत. बाकीच्या बाया तिच्याकडे बघू लागल्या. "शिवचो नाय," ती म्हणाली. आणि मग, मी गाठोडं खाली ठेवून निघालो तेव्हा, मागून, जसं वाटेने जाणाऱ्या कोणालाही म्हणतात तसं: "सावकाश जा हां, मास्तरानू. देवळेकडे पाय घसरता." देवळी म्हणजे खालचं वळण, तिथे दगडी कोनाडा होता. मी वळून हात केला असेन. बहुतेक केला असेन. खाली येऊन ओढ्यावर मी कोपरापर्यंत हात धुतले, पायही धुतले, आणि काठी पाण्यात सोडून दिली. मुलांना सांगितलं, आजपासून स्वच्छतेचा पाठ. पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली. ती त्यानंतर पाच वर्षं इथे होती, माझ्या नव्या शाळेपासून बसने दीड तासावर, आणि त्या पाचही वर्षी मी फणसाखाली पान ठेवून तिच्या कावळ्याची वाट बघत उभा राहिलो.

वॉर्डात आता कोणी नव्हतं. वरून मोप्याला उतरणारं विमान गेलं आणि गज थरथरले. मी भिंतीकडे गेलो. बूट काढले, का ते माहीत नाही, देवळात काढतात तसे नसतील, त्या दिवशी खांबाशी मी अनवाणी होतो का, हे आठवायचा प्रयत्न करत होतो. पाठ भिंतीला लावली. चुना सदऱ्यातून गार लागला. संजना दारात उभी होती. ती आली, हातातली जाड पुठ्ठ्याची वही तिने माझ्या डोक्यावर आडवी धरली, आणि तिच्या तोंडून माझेच शब्द आले, मी तिला दर जूनमध्ये म्हटलेले, त्याच क्रमाने.

"टाचा टेकवा, सर. मान सरळ. श्वास धरू नका."

मी टाचा टेकवल्या. तिचं बोट माझ्या डोक्यामागून भिंतीवर वर सरकलं, आणि थांबलं. दोन बोटं कमी, ती म्हणाली, आणि लगेच, समजूत घालत असल्यासारखं, वय झालं की सगळ्यांचीच उंची थोडी कमी होते, सर, तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं. होय, मी म्हटलं, मणक्यांमधल्या गाद्या झिजतात. मला ते सगळं माहीत होतं. त्या खोल रेघेखालचे तीन ठिपके माझ्या डोक्याच्या अगदी मागे होते, केसांना लागत असतील इतके जवळ. "परत बघ," मी तिला म्हटलं. तिने वही पुन्हा आडवी धरली. समोरच्या खिडकीतून फाटकाचा डावा खांब दिसत होता, ऊन अजून तिथवर आलं नव्हतं.

मी टाचा उचलल्या.